सातत्यालाही तारीख असते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत अध्यक्ष बदलतो, पक्ष बदलतो, भाषणांचा सूर बदलतो, पण परराष्ट्र धोरण आणि त्यातही अण्वस्त्रांचं धोरण बहुतांशी तेच राहतं, असं म्हणतात. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर तिथली एवढी नावाजलेली माध्यमं त्यावर बोट का ठेवत नाहीत, आणि साध्या वाचकाने ते ओळखायचं कसं?

मी सव्वीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय पानावर काम केलं आहे. त्यातली बरीच वर्षं रात्रपाळीत गेली. या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात नाही, पान लावताना केलेल्या चुकांमधून सापडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

5 एप्रिल 2009, रविवार. उत्तर कोरियाने त्याच दिवशी अग्निबाण सोडला होता आणि संध्याकाळपर्यंत ओबामांचं प्राग इथलं भाषण एजन्सीवर, म्हणजे वृत्तसंस्थेच्या सेवेवर, येऊन पडलं. डेस्कवर आम्ही तिघं. अण्वस्त्रमुक्त जगासाठी अमेरिका कटिबद्ध आहे, असं अमेरिकेचा अध्यक्ष जाहीर सभेत म्हणतो, ही बातमी मोठीच होती. मी मथळा केला, फोटो मोठा घेतला. जागा कमी पडली तेव्हा कॉपी नेहमीसारखी खालून कापली. त्या कापलेल्या मजकुरात एक वाक्य होतं. जगात ही शस्त्रं जोवर आहेत तोवर अमेरिका सुरक्षित, भरवशाचा आणि शत्रूला धाक बसेल असा साठा राखेल, असं ओबामांनी त्याच भाषणात सांगितलं होतं. हे लक्ष्य आपल्या हयातीत कदाचित गाठता येणार नाही, असंही ते म्हणाले होते. म्हणजे त्यांनी काही लपवलं नव्हतं. कात्री मी लावली होती. आमच्या वाचकाला दुसऱ्या दिवशी अर्धं भाषण मिळालं, आणि पुढची आठ वर्षं खरं ठरलं ते नेमकं दुसरं अर्ध.

त्याचं पुढे काय झालं ते तपशिलाने सांगतो, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

एका वर्षाने, 8 एप्रिल 2010 रोजी, ओबामा आणि रशियाचे अध्यक्ष मेदवेदेव यांनी प्रागमध्येच ‘न्यू स्टार्ट’ करारावर सह्या केल्या. दोन्ही बाजूंनी तैनात अण्वस्त्रं प्रत्येकी 1550 वर आणायची, ती वाहून नेणारी तैनात क्षेपणास्त्रं आणि बॉम्बफेकी विमानं मिळून 700. करार सिनेटमध्ये मंजूर व्हायला दोन तृतीयांश, म्हणजे 67 मतं लागतात. रिपब्लिकन मतांशिवाय ती भरत नव्हती. अ‍ॅरिझोनाचे रिपब्लिकन सिनेटर जॉन काइल यांनी अट पुढे केली: अण्वस्त्रांच्या कारखान्यांवर आणि आधुनिकीकरणावर खर्च करण्याचं ठोस वचन द्या. प्रशासनाने दहा वर्षांत सुमारे 85 अब्ज डॉलरचा आराखडा दिला. 22 डिसेंबर 2010 रोजी 71 विरुद्ध 26 मतांनी करार मंजूर झाला. काइल यांनी शेवटी विरोधातच मत दिलं, पण वचन राहिलं. 2 फेब्रुवारी 2011 रोजी ओबामांनी सिनेटला लेखी कळवलं की बॉम्बफेकी विमानं, जमिनीवरची क्षेपणास्त्रं आणि पाणबुड्या या तिन्ही अंगांचं आधुनिकीकरण किंवा त्यांच्या जागी नवी यंत्रणा आणण्याचा आपला इरादा आहे.

आता दोन कागद शेजारी ठेवा. प्रागचं भाषण एका बाजूला आणि 2 फेब्रुवारीचं पत्र दुसऱ्या बाजूला. भाषणाला जगभर पहिलं पान मिळालं, त्याच वर्षी नोबेलही मिळालं. पत्राची बातमी मी तरी त्या दिवशी कुठल्याही एजन्सीच्या ठळक कॉपीत पाहिल्याचं आठवत नाही. पण पुढच्या तीस वर्षांचा खर्च त्या पत्राने ठरवला. सप्टेंबर 2014 मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये विल्यम ब्रॉड आणि डेव्हिड सँगर यांनी मोठी बातमी दिली की तीन दशकांत हा खर्च एक लाख कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. बातमी उत्तम होती, मेहनतीची होती. फक्त निर्णय होऊन साडेतीन वर्षं झाली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण सगळे, अमेरिकी पत्रकार आणि त्यांची कॉपी भाषांतरित करणारे आम्ही, असं धरून चालतो की बदल ही घटना असते आणि सातत्य ही नुसती स्थिती असते. ते चूक आहे. जुनं धोरण पुढे चालू राहतं तेव्हाही कुणीतरी, कुठल्यातरी समितीत, एका विशिष्ट दिवशी ते पुढे चालवायचं ठरवलेलं असतं. त्याबदल्यात कुणाला तरी काहीतरी दिलेलं असतं. सातत्यालाही तारीख असते. ती शोधायची सवय माध्यमांना नाही, आणि म्हणून ‘धोरण तेच आहे’ हे वाक्य आपल्याकडे हवामानासारखं ऐकू येतं, जणू त्याला कुणी कर्ताच नाही.

सवय का नाही, याचं एक स्पष्टीकरण अमेरिकी अभ्यासक लान्स बेनेट यांनी 1990 मध्ये मांडलं आणि मला ते अनुभवाशी जुळणारं वाटतं. त्यांचं म्हणणं असं की वॉशिंग्टनमधले बडे लोक आपसात जेवढं भांडतात, तेवढ्याच पट्ट्यात वृत्तपत्रांची चर्चा फिरते. दोन पक्ष एखाद्या गोष्टीवरून भांडले की बातमीला दोन बाजू मिळतात, दोन अवतरणं मिळतात, कॉपी उभी राहते. दोन्ही पक्षांचं एकमत असलं की बातमीदाराकडे प्रश्न विचारणारा माणूसच उरत नाही. एकमत जितकं घट्ट, तितकी छाननी पातळ. अण्वस्त्रांच्या तिहेरी रचनेबाबत अमेरिकी काँग्रेसमध्ये अनेक दशकं हेच झालं आहे. यात पत्रकार विकले गेले आहेत असं समजू नका. मी त्या मताचा नाही. बातमी लिहायच्या पद्धतीतच ही खोट आहे, आणि माझ्या डेस्कवरही ती होती.

उलट बाजूचं उदाहरण 2016 चं. त्या उन्हाळ्यात अमेरिकी वृत्तपत्रांत बातम्या आल्या की ओबामा ‘आधी अण्वस्त्र वापरणार नाही’ अशी घोषणा करण्याचा विचार करत आहेत. सप्टेंबरच्या सुरुवातीला कळलं की तो विचार बारगळला: परराष्ट्र, संरक्षण आणि ऊर्जा या तिन्ही खात्यांचे मंत्री नाखूश होते, जपान आणि दक्षिण कोरियाला काय वाटेल याची काळजी होती. इथे सातत्याचा क्षण पकडला गेला, कारण प्रशासनाच्या आतच मतभेद होते आणि आतली माणसं बोलत होती. पण त्याचा पाठपुरावा पाहा. जानेवारी 2017 मध्ये, पद सोडायला काही दिवस राहिले असताना, उपाध्यक्ष बायडेन यांनी जाहीर भाषणात सांगितलं की अण्वस्त्रांचा एकमेव हेतू अणुहल्ला रोखणं आणि वेळ आली तर त्याला उत्तर देणं हाच असावा. 2020 च्या प्रचारातही त्यांनी तेच लिहिलं. अध्यक्ष झाल्यावर 2022 च्या अण्वस्त्र धोरण आढाव्यात ‘एकमेव हेतू’ हे शब्द स्वीकारलेले नाहीत. त्याऐवजी अणुहल्ला रोखणं ही ‘मूलभूत भूमिका’ आहे असं म्हटलं आहे. दोन शब्दांतला हा फरक म्हणजे अख्खं धोरण. संरक्षणविषयक नियतकालिकांनी तो टिपला. सर्वसाधारण वाचकापर्यंत तो किती पोहोचला, हे तुम्ही स्वतःलाच विचारून पाहा.

कमी क्षमतेच्या अण्वस्त्राचीही तीच गत. ट्रम्प यांच्या 2018 च्या आढाव्यात पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्रासाठी ‘डब्ल्यू76-2’ नावाचं कमी ताकदीचं अण्वस्त्र आलं. बायडेन यांनी 2019 मध्ये प्रचारात ही कल्पना वाईट असल्याचं म्हटलं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये पेंटॅगॉनने ते तैनात झाल्याचं मान्य केलं. बायडेन यांची कारकीर्द संपली तेव्हाही ते पाणबुड्यांवरच होतं. समुद्रातून सोडायचं अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्र मात्र बायडेन यांनी खरोखरच रद्द करायचा प्रयत्न केला. काँग्रेसने त्याला पैसे देणं चालूच ठेवलं. म्हणून सांगतो, अध्यक्ष काय म्हणाला यापेक्षा कुणी पैसे दिले हे पाहा.

आता आपल्या दारातलं उदाहरण. तारापूर.

बोईसरहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या त्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या, 1963 च्या भारत-अमेरिका कराराखाली. 1969 पासून त्या वीज देऊ लागल्या. त्यांना लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिकेने 1993 पर्यंत पुरवायचं होतं. 18 मे 1974 ला पोखरणची चाचणी झाली आणि 1978 मध्ये अमेरिकी काँग्रेसने अण्वस्त्रप्रसारबंदीचा कायदा केला: ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली नाहीत त्याला इंधन नाही. आधी झालेल्या करारालाही तो लागू.

त्याच वर्षी 2 जानेवारीला जिमी कार्टर दिल्लीत होते. मोरारजी देसाई देखरेखीच्या मुद्द्यावर बधत नव्हते. कार्टर आपले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना म्हणाले की परतल्यावर यांना थंड आणि अगदी रोखठोक असं पत्र लिहायला हवं. माइक चालू होता. वार्ताहरांनी ते ऐकलं आणि जगभर छापलं. आजही कार्टर-मोरारजी म्हटलं की जुन्या पत्रकारांना तो माइक आठवतो.

पण अडीच वर्षांनी काय झालं ते फारच थोड्यांना आठवतं. मे 1980 मध्ये अमेरिकेच्या अणुनियमन आयोगाने तारापूरच्या इंधनाचा परवाना एकमताने नाकारला. आणि त्याच कार्टर यांनी, ज्यांनी हा कायदा स्वतःच्या सहीने आणला होता, जूनमध्ये आयोगाचा निर्णय बाजूला सारून इंधन पाठवायचा आदेश काढला. सोव्हिएत फौजा डिसेंबर 1979 मध्ये अफगाणिस्तानात शिरल्या होत्या आणि भारताला आणखी दुखवणं वॉशिंग्टनला परवडणारं नव्हतं. प्रतिनिधिगृहाने त्यांच्या विरोधात प्रचंड बहुमताने ठराव केला. सिनेटमध्ये अध्यक्ष जेमतेम दोन मतांनी वाचले, 48 विरुद्ध 46. पुढे रेगन आले, पक्ष बदलला, आणि 1982 मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीच्या वेळी तोडगा निघाला की इंधन फ्रान्स देईल. कायदाही शाबूत, करारही मोडलेला नाही, भट्ट्याही चालू.

कार्टर कडक आणि रेगन मवाळ, किंवा उलट, अशा पद्धतीने ही गोष्ट सांगितली तर हाती काही लागत नाही. दोघांनी एकच केलं: प्रसारबंदीचा कायदा तोंडाने सोडला नाही आणि भारताला हातातून जाऊ दिलं नाही. 2005 ते 2008 च्या भारत-अमेरिका अणुकराराला आपण ‘ऐतिहासिक वळण’ म्हटलं. मीही छापलं. वळण होतंच, अणुसाहित्य विकणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाने 6 सप्टेंबर 2008 रोजी भारताशी अणुव्यापारासाठी दिलेली सवलत ही छोटी गोष्ट नव्हती. पण कायद्यातून भारतासाठी वेगळी वाट काढायची, ही वृत्ती तारापूरच्या इंधनापासूनची आहे. 2008 मध्ये ती वाट पक्की सडक झाली. तारापूरच्या वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला मात्र अमेरिकेने एकामागून एक अध्यक्ष झाले तरी संमती दिली नाही, ते तिथेच साठत राहिलं. आमच्या जिल्हा आवृत्तीत तारापूरच्या बातम्या असायच्या त्या विस्थापितांच्या, नोकऱ्यांच्या, मासेमारीच्या. त्या हव्याच होत्या. पण वॉशिंग्टनमधल्या कुठल्या मतदानामुळे ते इंधन पाण्याच्या कुंडात पडून आहे, ही बातमी आम्ही कधी केली नाही, आणि ती आमच्याइतकी जवळून दुसरं कोण करणार होतं?

इराकचं युद्ध या विषयात नेहमी निघतं, पण ते चुकीच्या कारणासाठी निघतं असं मला वाटतं. सगळे सांगतात की 2002 मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ फसला. 8 सप्टेंबर 2002 ला इराक अण्वस्त्रांसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहतोय ही बातमी पहिल्या पानावर आली, त्याच सकाळी उपाध्यक्ष चेनी यांनी टीव्हीवर त्याच बातमीचा हवाला दिला. म्हणजे सरकारी सूत्रांनी दिलेली माहिती वृत्तपत्रातून फिरून सरकारकडेच पुरावा म्हणून परत आली. मार्च 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख एल्बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं की त्या नळ्या सेंट्रिफ्यूजसाठी, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांसाठी, असल्याचा पुरावा नाही आणि इराक-नायजर युरेनियम व्यवहाराचे कागद बनावट आहेत. दोन आठवड्यांच्या आत युद्ध सुरू झालं. 26 मे 2004 रोजी वृत्तपत्राने आपली चूक मान्य करणारी संपादकीय टीप छापली, तीही आतल्या पानावर.

हे सगळं खरं आहे. पण याआधीचा एक धागा तेव्हाही सुटला होता. इराकमध्ये सत्तांतर घडवणं हे अमेरिकेचं अधिकृत धोरण बुश यांनी केलं नव्हतं. तो कायदा 31 ऑक्टोबर 1998 ला क्लिंटन यांनी सही करून लागू केला होता. प्रतिनिधिगृहात 360 विरुद्ध 38, सिनेटमध्ये एकमत. त्या कायद्यात फौजा पाठवायची तरतूद नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मोठा फरक तिथे पडला. तरीही 2002 मध्ये ज्या डेमोक्रॅट सिनेटरांनी प्रश्न विचारायला हवे होते, त्यांनी चार वर्षांपूर्वीच त्या उद्दिष्टाला संमती दिली होती. प्रश्न विचारणारं उरलंच कोण? पुन्हा बेनेट यांचाच मुद्दा.

त्या वेळी ज्यांचं बरोबर आलं ते नाइट रिडर या वृत्तपत्रसमूहाचं वॉशिंग्टन कार्यालय. संपादक जॉन वॉलकॉट, बातमीदार जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल. त्यांच्या समूहाचं वॉशिंग्टन किंवा न्यू यॉर्कमध्ये वृत्तपत्रच नव्हतं, त्यामुळे मंत्र्यांचे फोन त्यांना येत नसत. ते मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांशी बोलत, गुप्तचर खात्यातल्या आणि लष्करातल्या, जे अध्यक्ष बदलला तरी खुर्चीवर असतात. धोरणाचं सातत्य ज्यांच्या हातून चालतं, त्यांच्याशीच बोलल्यावर खरी बातमी मिळणार, यात नवल नाही. नवशिक्या उपसंपादकांना मी हे उदाहरण दरवर्षी सांगायचो.

1971 चे पेंटॅगॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनाम युद्धाचा फुटलेला गुप्त सरकारी इतिहास, हीसुद्धा सातत्याचीच बातमी होती, हे आपण विसरतो. त्या सात हजार पानांत एका अध्यक्षाची चूक नव्हती. ट्रुमन, आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन, अशा दोन्ही पक्षांच्या चार अध्यक्षांनी व्हिएतनाममध्ये एकामागून एक तोच रस्ता धरला आणि लोकांना वेगळंच सांगितलं, हे त्यात होतं. कागद हाती पडले म्हणून ते दिसलं. दर वेळी ते कागद फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्गसारखा कुणी भेटत नाही.

हल्लीचा एक दिवस जवळून दाखवतो. 8 जुलै 2024. मुंबईत पहाटेच्या सहा तासांत 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस काही ठिकाणी कोसळला होता, लोकल बंद, त्यामुळे पहिलं पान ठरलेलंच होतं. माझ्या पानावर पंतप्रधान मोदी मॉस्कोत पोहोचल्याची बातमी आणि कीव्हमध्ये मुलांच्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडल्याची बातमी, ढिगाऱ्याच्या फोटोसह. अमेरिकेतून येत होतं ते सगळं बायडेन यांच्या तब्येतीबद्दल. व्हाइट हाउसमधल्या त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत कोण डॉक्टर किती वेळा आला यावरून आवाज चढले होते. आणि त्याच दिवशी पेंटॅगॉनने जाहीर केलं की जमिनीवरच्या नव्या सेंटिनल क्षेपणास्त्रांचा खर्च 81 टक्क्यांनी वाढून सुमारे 141 अब्ज डॉलर झाला आहे, आणि तरीही कार्यक्रम चालूच राहील.

हा ‘तरीही’ महत्त्वाचा. खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की अमेरिकी कायद्याने शस्त्रकार्यक्रम रद्द झाल्यातच जमा असतो. तो वाचवायचा तर राष्ट्रीय सुरक्षेसाठी तो अत्यावश्यक आहे आणि स्वस्त पर्याय नाही, असं संरक्षण खात्याला लेखी द्यावं लागतं. म्हणजे हा नुसता वाढीव बिलाचा आकडा नव्हता. 400 मिनिटमन-3 क्षेपणास्त्रांच्या जागी तेवढीच नवी आणावीत का, हा प्रश्न कायद्यानेच त्या दिवशी टेबलावर आणला होता, आणि उत्तर ‘हो’ असं देण्यात आलं. पुढच्या अर्ध्या शतकाचं धोरण त्या कागदावर होतं. अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांनी बातमी दिली, दिली नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस नव्हता. माझ्या पानावर मी ती सिंगल कॉलम, सहा ओळी घेतली, आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीनंतर तीही उडाली.

ही क्षेपणास्त्रं मोन्टाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग आणि शेजारच्या राज्यांतल्या शेतांखाली आहेत. तिथले सिनेटर, डेमोक्रॅट असोत की रिपब्लिकन, त्यांच्या बाजूने उभे राहतात, कारण तळ म्हणजे नोकऱ्या. आपल्याकडे साखर कारखान्याच्या प्रश्नावर पक्ष कसे बाजूला पडतात ते आठवा म्हणजे लगेच कळेल.

मग चांगली छाननी कुठे होते? माझा अनुभव सांगतो की ती बहुधा कडेकडेने होते. ऑगस्ट 2007 मध्ये नॉर्थ डकोटातल्या मायनॉट हवाई तळावरून सहा अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं चुकून बी-52 बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखाली लागून लुइझियानात बार्क्सडेलला गेली आणि सुमारे दीड दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. ही बातमी फोडली ती सैनिकांसाठी निघणाऱ्या साप्ताहिकांच्या गटाने. 2013-14 मध्ये असोसिएटेड प्रेसचे रॉबर्ट बर्न्स यांनी क्षेपणास्त्र दलातली ढासळलेली शिस्त महिनोन्‌महिने लावून धरली, तेव्हा संरक्षणमंत्री हेगल यांना चौकशी लावावी लागली. लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतलं, बॉम्बसाठीच्या प्लुटोनियमच्या गाभ्यांचं काम न्यू मेक्सिकोची स्थानिक वृत्तपत्रं जितकं सांभाळून पाहतात तितकं कुणी पाहत नाही. आणि अमेरिकी वैज्ञानिकांच्या महासंघातले हान्स क्रिस्टेन्सन आणि त्यांचे सहकारी उपग्रहचित्रं आणि अर्थसंकल्पाची पानं जुळवून जे आकडे देतात, तेच शेवटी सगळ्या एजन्सी वापरतात.

आता सावधगिरीचा एक शब्द, कारण ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे वाक्य आपल्या तोंडात फार सहज येतं. ते आळसाचं वाक्य आहे. 2015 चा इराण करार ओबामांनी केला आणि 8 मे 2018 ला ट्रम्प यांनी मोडला. हा खराखुरा बदल होता आणि त्याचे परिणाम जून 2025 मध्ये फोर्डो आणि नतान्झवर पडलेल्या बॉम्बपर्यंत येऊन पोहोचले. अमेरिकेने स्वतःच्या साठ्याचा आकडा जाहीर करावा की नाही यातही खरा फरक पडला. ओबामा प्रशासनाने 2010 मध्ये 5113 हा आकडा उघड केला, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ती प्रथा थांबली, बायडेन यांनी 2021 मध्ये 3750 हा आकडा देऊन ती पुन्हा सुरू केली. असा आकडा मिळाला नाही की पत्रकाराचं निम्मं काम तिथेच खुंटतं. त्यामुळे काय बदललं आणि काय नाही, हे दर वेळी नव्याने तपासावं लागतं.

आणि काही सातत्य जपण्यासारखं असतं. अमेरिकेने शेवटची स्फोटक अणुचाचणी 23 सप्टेंबर 1992 ला केली. चाचणीबंदी करार सिनेटने 1999 मध्ये फेटाळला, तरी क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प, बायडेन, कुणीच स्फोट केला नाही. 30 ऑक्टोबर 2025 ला ट्रम्प यांनी शी जिनपिंग यांना भेटण्याच्या काही मिनिटं आधी समाजमाध्यमावर लिहिलं की इतर देशांच्या बरोबरीने अण्वस्त्रांच्या चाचण्या सुरू करण्याचे आदेश युद्ध खात्याला (संरक्षण खात्याचं ट्रम्प यांनी दिलेलं नाव) दिले आहेत. मी निवृत्त झालो आहे, पण डेस्कवरच्या एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला: मथळा ‘अमेरिका पुन्हा अणुस्फोट करणार’ असा घेऊ का? मी त्याला एकच विचारलं, आदेश कुठल्या खात्याला दिलाय? अमेरिकेत अणुस्फोटाची चाचणी घेणं हे संरक्षण खात्याचं काम नाही, ते ऊर्जा खात्याच्या अखत्यारीत येतं. लष्कर करतं त्या क्षेपणास्त्रांच्या उड्डाणचाचण्या, आणि त्या कधी थांबल्याच नव्हत्या. त्याने मथळ्यात ‘अणुस्फोट’ लिहिलं नाही. तीन दिवसांनी ऊर्जामंत्री क्रिस राइट यांनी सांगितलं की सध्या अणुस्फोट होणार नाहीत, इतर भागांच्या चाचण्या होतील. धोका टळला असं यातून काढू नका. पण कोणतं खातं, एवढ्या एका प्रश्नाने त्या रात्रीचं पान खरं राहिलं.

तुम्ही विचारलंय की साध्या वाचकाने हे ओळखायचं कसं. मी काय करतो ते सांगतो. दोनशे पानी एक जाड वही आहे, 2011 पासूनची. डाव्या पानावर अध्यक्ष किंवा मंत्री काय म्हणाला ते तारखेसह. उजव्या पानावर त्याच विषयावर काँग्रेसने पैसे दिले का, किती, कुणी मत दिलं. बस. डावं पान भराभर भरतं, उजवं महिनोन्‌महिने रिकामं राहतं आणि मग एकदम चार ओळी येतात. उजव्या पानासाठी लागणारं सगळं फुकट आणि उघड मिळतं: संरक्षण अर्थसंकल्पाचे कायदे, सरकारी लेखापरीक्षकांचे अहवाल, काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाची टिपणं. इंग्रजी किचकट असतं, पण आकडे आणि मतं कळायला ते आड येत नाही. सुरुवातीला एकच विषय धरा. सेंटिनल धरा, किंवा भारताशी अणुसहकार्य धरा.

माझ्या वहीत ‘न्यू स्टार्ट’च्या पानावर डावीकडे 2009 चं प्राग आहे आणि अगदी खाली 5 फेब्रुवारी 2026, कराराच्या मुदतीची शेवटची तारीख. उजवीकडे अंदाजपत्रक कार्यालयाचे दशवार्षिक अंदाज उतरवले आहेत. 2023 ते 2032 साठी 756 अब्ज डॉलर. 2025 ते 2034 साठी 946 अब्ज. हा अंदाज दर दोन वर्षांनी येतो. 2027 साठी खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.